टेप कोणी काढली

काचमास्तर म्हणजे गाड्यांच्या काचा बसवणारे. आख्खी गल्ली त्यांना मास्तर म्हणायची आणि मग ओघानेच त्यांच्या बायकोला मास्तरीणबाई. बाईंनी जन्मात कुणाला काही शिकवलं नव्हतं. त्या घरी मशिनवर पडदे शिवायच्या. पण गल्लीने एकदा नाव ठेवलं की संपलं, मग तुम्ही बदलून बदलणार काय?

तर या मास्तरांनी स्वतःच्या लेकीच्या गाडीची पुढची काच बदलली, आणि नेमकी तीच काच गळायला लागली.

लेक दूरच्या दवाखान्यात नर्स. रात्रपाळी संपवून ती सकाळी माहेरी आली, ती ओल्या गुडघ्यानेच. वाटेत पाऊस लागला होता. स्वयंपाकघरात शिरून तिने आईला हळू आवाजात सगळं सांगितलं. वरच्या कोपऱ्यातून पाणी टपकतं, गाडी जरा वेगात गेली की काचेच्या कडेतून शीळ वाजते. दवाखान्याजवळ एक वर्कशॉप आहे, तिथून ती गुपचूप नीट करून घेणार होती. बाबांना सांगायचं काही कारण नव्हतं.

बाई म्हणाल्या, गुपचूप कसलं? स्वतः बसवलेली काच मास्तर रस्त्यापलीकडून ओळखतात. दुसऱ्याचा हात लागलेला त्यांना कळल्याशिवाय राहणार आहे होय?

पण बाईंची खरी काळजी वेगळीच होती. गेले काही महिने मास्तरांचा उजवा हात थरथरत होता. चहाचा कप ते डाव्या हाताने धरायला लागले होते. गिऱ्हाईक आलं की 'काच मिळत नाही हो' म्हणून वाटेला लावायचे. ते बोलले नाहीत आणि बाईंनी विचारलं नाही. त्यांनी फक्त मास्तरांच्या सगळ्या शर्टांची काजं उसवून जराशी मोठी करून ठेवली. बटण पटकन जायला लागलं तेव्हा मास्तरही काही बोलले नाहीत. नवराबायकोत असल्या गोष्टी अशाच चालतात.

लेकीची गाडी म्हणून हे एक काम त्यांनी हौसेने अंगावर घेतलं होतं. तेच बिघडलं आणि तेही आपल्या हातामुळे, असं कळलं तर हा माणूस पुन्हा हत्यार धरायचा नाही, भिंतीकडे तोंड करून बसेल, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. बरं, तसंच सोडावं तर तेही जमणारं नव्हतं. कच्ची बसलेली काच नुसती गळत नाही, अपघातात ती सगळीच्या सगळी निघून येते. हे मास्तरांनीच गिऱ्हाइकांना घसा कोरडा होईपर्यंत सांगितलेलं. रोज त्या काचेमागे बसणार होती ती पोटची पोर. बाईंची पुरती कोंडी झाली.

चहा घेताना त्यांनी मनाचा हिय्या केला.

"अहो, रागावणार नसाल तर एक सांगते. काच गळतेय. त्या दिवशी टेप मीच काढली होती."

काच बसवली की ती सरकू नये म्हणून मास्तर वरून टपापर्यंत निळ्या टेपच्या पट्ट्या मारायचे. दिवसभर त्यांना कुणी बोट लावायचं नाही, असा त्यांचा दंडक होता. बाई सांगत गेल्या. तुम्ही दुपारी पडला होतात, गाडी दारात उभी होती, नवी कोरी काच आणि त्यावर त्या पट्ट्या, मला बघवेना, म्हणून ओढून काढल्या आणि ओल्या फडक्याने काच पुसून ठेवली. बाईंची स्वच्छतेची खोड बघता कुणालाही हे खरं वाटलं असतं. लेकीलासुद्धा वाटलं. तिने डोक्याला हात लावला.

मास्तर आता आभाळ डोक्यावर घेणार म्हणून दोघी जीव मुठीत धरून बसल्या. पण ते कपाकडे बघत बसले. मग म्हणाले, "बरं. काच सरकली असेल मग. उतरवून परत बसवू."

बाईंचा जीव भांड्यात पडला. लेक आत जाऊन झोपली. काच उतरवायला दोन माणसं लागतात, म्हणून संसारात पहिल्यांदाच बाई मास्तरांच्या शेडमध्ये शिरल्या. काचेखालचा जुना काळा गोंद तारेने कापायचा असतो, एकाने आतून ओढायचं, एकाने बाहेरून. मास्तर गाडीत बसले, बाई बाहेर उभ्या राहिल्या. तू ओढ, आता मी, असं करत तार सगळ्या कडेने फिरली. मग रबरी कप चिकटवून दोघांनी काच उचलली आणि स्टँडवर ठेवली. काच शाबूत होती.

आणि गोंदाची रेघ उघडी पडली. खालून सरळ, जाड, मास्तरांना शोभेल अशी. वरच्या कोपऱ्याशी मात्र ती नागमोडी झाली होती, बारीक झाली होती, आणि बोटभर जागेत गोंद नव्हताच. यात टेपचा काही संबंध नाही हे पडदे शिवणाऱ्या बाईलाही कळत होतं.

बाईंना त्यांच्याकडे बघवेना. म्हणून त्यांनी नजर वळवली ती शेडच्या दाराकडे, आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. दाराच्या चौकटीवर वरपासून खालपर्यंत निळ्या पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. काम पुरं झालं की काढलेली टेप मास्तर तिथे लावत. वर्षानुवर्षांची सवय. शेडमध्ये कधी पाऊलच न टाकलेल्या बाईंना ते कुठून माहीत असणार? सगळ्यात खाली, अजून धूळही न बसलेल्या, लेकीच्या गाडीच्या पट्ट्या होत्या.

मास्तर त्यांच्या नजरेमागोमाग तिकडे बघत होते.

"टेप तू काढलीस," ते म्हणाले, "आणि परत इथे आणून चिकटवलीस होय?"

"हो," बाई म्हणाल्या. आता माघार कशी घेणार? "म्हटलं, तुमची सवय मोडायला नको."

मास्तरांना हसू आलं. मग ते स्टुलावर बसले आणि हसता हसताच त्यांचे डोळे भरले.

"माझा हात गेला गं," ते म्हणाले. इतक्या महिन्यांत हे पहिल्यांदाच तोंडातून निघालं होतं.

बाईंनी तो थरथरणारा हात स्वतःच्या दोन्ही हातांत घेतला आणि धरून ठेवला.

"एकच गेलाय ना? माझे दोन आहेत."

मास्तरांनी सगळ्या कडेचा जुना गोंद तासून काढला, कड पुसली, गोंदाची गन भरली आणि बाईंच्या हातात दिली. दाब किती द्यायचा, नळी किती तिरपी धरायची, ते बाजूला उभं राहून सांगत होते. बाईंची रेघ निघाली ती शिवणीसारखी एकसारखी. कोपरा आला तसे मास्तर घाईने म्हणाले, सांभाळ, इथेच घोटाळा होतो. बाई म्हणाल्या, कोपऱ्याचं मला नका सांगू. कोपऱ्यावर थांबायचं, सुई आतच ठेवायची आणि मग वळायचं, आयुष्यभर तेच केलंय. त्यांनी नळी न उचलता हात वळवला आणि रेघ न तुटता पुढे गेली. मास्तर बघतच राहिले. मग अगदी हळू म्हणाले, मी तिथे नळी उचलायचो.

दोघांनी काच उचलून जागेवर ठेवली. मास्तरांनी डाव्या हाताने दाबून पाहिली, निळ्या पट्ट्या मारल्या. लेक उठून आली. उद्यापर्यंत गाडी हलणार नाही, असं त्यांनी तिला बजावलं. एवढं कुणी केलं, असं तिने विचारलं, तर म्हणाले, मास्तरीणबाईंनी, आणि हे म्हणताना त्यांची मान पार ताठ झाली होती.

दुसऱ्या दिवशी लेकीला गाडीत बसवून मास्तरांनी काचेवर पाइपने पाणी सोडलं. लेक कोपऱ्यावर हात फिरवत राहिली. हात कोरडाच राहिला. मग मास्तरांनी पाइप बंद केला आणि पट्ट्या तशाच ठेवून ते बाईंकडे वळले.

"ये," ते म्हणाले. "आता टेप तू काढ. खरीखुरी."