उसवलेली डावी शिवण

मी एक जुना टेप आहे. कापड मापायचा, पिवळा, एका टोकाची पत्र्याची पट्टी निघालेला. माझे आकडे पुसट झालेत, पण खोटं माप मी अजून दिलेलं नाही.

मित्रांनो, कारखान्यातून निघालो तो मी एका शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या गळ्यात पडलो आणि तिथंच राहिलो. सगळे त्यांना मास्टरबाई म्हणत. त्यांनी शिवलेला कपडा अंगाला चोपून बसायचा. लोक वाहवा करायचे, तेव्हा मीही जरा शेफारायचो. नवा कपडा घालून बघणाऱ्या प्रत्येकीला त्या बजावायच्या, "कुठं आवळत असेल तर आत्ताच बोला. लाजून काय उपयोग?"

पुढे बाईंना डाव्या स्तनाचा कर्करोग झाला. तो स्तन काढून डॉक्टरांनी त्या जागी सिलिकॉनचा आकार बसवला. जाऊबाईंनी नाक मुरडलं. "जीव वाचला ना? मग या वयात ही हौस कशाला?" बाई हसल्या, पण ते बोलणं त्यांच्या मनात घर करून बसलं. बरं वाटल्यावर एकदा दार लावून त्यांनी मला छातीभोवती धरलं. दोन्ही बाजू सारख्या भरल्या. त्यांचे डोळे पाणावले.

काही महिन्यांनी डावी बाजू लाल झाली, सुजली. अंगात ताप असायचा, मला त्याचा चटका बसायचा. लाली, सूज, ताप, काहीही दिसलं तर त्याच दिवशी या, असं डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलं होतं. पण बाईंच्या डोळ्यांपुढे जाऊबाईंचं ते मुरडलेलं नाक! मग शिवणकाम करणारीला सुचावं तेच त्यांनी केलं. ब्लाऊजची डावी शिवण उसवून सैल घातली. सूज वाढली, तशी शिवण पुन्हा उसवली. एवढी हुशार बाई, आणि दुखणं सोडून कपडा दुरुस्त करत बसली! मला शरमेनं गुंडाळून घ्यावंसं वाटे. सगळं माप माझ्यापाशी आणि तोंडाला कुलूप.

इस्त्री करताना लेकीला ती शिवण दिसली.

"आई, एकाच बाजूला का सोडलंयस? तुझं माप तर कधी चुकत नाही."

बाईंनी मान खाली घातली. "लाज वाटली गं. म्हणतील, फिटली का हौस?"

"म्हणू देत. आधी चप्पल घाल."

आत पू झाला होता. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. "लवकर आला असतात तर आतलं सिलिकॉन कदाचित वाचवता आलं असतं," त्या म्हणाल्या. "आता काढावंच लागेल. हौसेचा यात काही दोष नाही हो. जखम नीट भरली की पुन्हा बसवायचं का, ते तुम्ही ठरवा."

ते काढून घरी आल्यावर बाईंनी आरशावर कापड टाकलं आणि मला खिळ्याला अडकवलं. त्यांना कुणाचंच माप घ्यावंसं वाटेना. मी धूळ खात राहिलो.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी दुखणं झाकत असेल तर त्याची थट्टा करू नका. जवळ बसा आणि विचारा. मला ते जमलं नाही, मला तोंडच नाही.

लेकीला होतं. एक दिवस तिनं मला झटकून खाली काढलं आणि आईच्या छातीभोवती धरलं. डावी बाजू सपाट होती. बाई अंग चोरून उभ्या होत्या.

"ब्लाऊजच्या दोन्ही बाजू वेगळ्या कापू," लेक म्हणाली. "आणि कुठं आवळत असेल तर आत्ताच बोल."

 बाईंनी तिचा हात धरून डाव्या बाजूवर ठेवला.

"इथं," त्या म्हणाल्या. "इथं अजून ओढतंय."