विलासची वाडी

फ्लॉपीचं ते पत्र्याचं झाकण अंगठ्याने बाजूला सरकवलं की आतली तपकिरी चकती दिसते, आणि सोडलं की — टक् — पुन्हा मिटतं; डोळा मिटावा तसं, फक्त पापणी पत्र्याची. हर्षवर्धन सकाळपासून हेच करत होता, अंथरुणात, चादरीच्या आत, टक्... टक्..., म्हणजे स्वयंपाकघरातून आईला वाटावं की मुलगा नखं कापतोय. रविवारी सकाळी नखं कापणारा मुलगा चांगल्या घरातला असतो. फ्लॉपीवर पांढरं लेबल होतं आणि लेबलवर फ्रेडरिकच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं : 'विलास. पुसू नये.' खाली दोन रेघा. आत आता विलास नव्हता. आत हर्षवर्धनचा बायोडेटा होता, अठ्ठावीस केबी, छंद : वाचन व समाजसेवा.

ज्या नोकरीसाठी तो बायोडेटा टाइप केला ती मिळाली नाही, हे बरं झालं. मिळाली असती तर वाईट वाटायला वेळच उरला नसता.

विलास म्हणजे परेशचे वडील. म्हणजे तसे ते नव्हेत... तीन वर्षांपूर्वी तुळिंजला काळूरामच्या सायबर कॅफेत ओरम हा गेम पहिल्यांदा चालू झाला, पडद्याने नाव विचारलं, आणि आयुष्यभर फॉर्म भरत आलेल्या परेशने सवयीने वडिलांचं नाव टाकलं. तेव्हापासून ओरम बेटावर तलवार घेऊन मोकाट हिंडणाऱ्या त्या पिंगट केसांच्या पुरुषाचं नाव विलास. विलास कड्यावरून पडला, विलासला काल लांडग्यांनी फाडला — असल्या बातम्या तुळिंज नाक्यावर मोठमोठ्याने दिल्या जात, आणि परेशची आई एकदा त्या अर्ध्याच ऐकून भाजी तिथेच टाकून घरी पळत गेली होती. विलासकाका घरी चहा पीत होते. तिला म्हणे थोडी निराशाच झाली.

गेमची सीडी चोरीची, तिच्यात एकच माणूस साठवता येई. आणि काळूराम दर सोमवारी व्हायरसच्या नावाने सगळा कॉम्प्युटर धुऊन काढी. म्हणून विलास राहायचा फ्लॉपीत. परेश, धवल, फ्रेडरिक आणि हर्षवर्धन — चौघांत एक विलास. शिमग्याला गावी पालखी घरोघर फिरते तशी फ्लॉपी आठवड्या-आठवड्याने घरोघर फिरे. पालखी ज्याच्या घरी, त्याची खेळायची पाळी. खेळून झालं की कोपऱ्यातली काळी खिट्टी सरकवून फ्लॉपी बंद करायची, म्हणजे चुकूनसुद्धा काही पुसलं जाणार नाही. हा फ्रेडरिकचा नियम. नियम सगळे फ्रेडरिकचेच होते.

आणि पहिला नियम पाण्याचा.

फ्रेडरिकची थोरली बहीण पॉलिन, कॉन्व्हेंटमध्ये जायच्या आधीच्या मे महिन्यात, भावाच्या पाळीत रोज येऊन बसायची. तिला लढायांत रस नव्हता. चौघांनी दीड वर्ष राक्षस मारून साठवलेली सगळी माणकं तिने त्या एका आठवड्यात रोपांवर उडवली... विलासच्या झोपडीमागे, बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, बेचाळीस केळी, अकरा नारळ, मधून पानवेल, कडेला अळू आणि मध्ये विहीर. हुबेहूब. म्हणजे त्यांची सोपाऱ्याची वाडी होती तशी, बिल्डरला द्यायच्या आधी. मग ती सिस्टर व्हायला निघून गेली, आणि तिच्यामागे नियम राहिला : गेम उघडला की आधी वाडीला पाणी. लागोपाठ तीन पाळ्या चुकल्या की झाडं तांबडी पडतात आणि मग मरतात; गेमच तसा होता. जगभरातले लोक राजाचा खून कोणी केला ते शोधायला ओरम खेळत. तुळिंजला हे चौघं केळींना पाणी घालायला खेळत. अर्ध्या तासाच्या पाळीत वीस मिनिटं घागर. राजाचा खून कोणी केला ते त्यांना अजून माहीत नाही.

"पाणी आलं नाही," आई — मालन — म्हणाली. "टँकर संध्याकाळी. तू कुठे निघालास?"

"तुळिंजला."

"त्या फ्रेडरिकला विचार, त्यांच्या विहिरीला कधी आटलेलं पाहिलं होतं का म्हणून."

हा आईचा आवडता विषय; त्यांची बिल्डिंग उभी होती ती फ्रेडरिकच्या त्याच वाडीवर. फ्रेडरिक पहिल्यांदा घरी आला तेव्हा चहाचा कप हातात घेऊन स्वयंपाकघरात बराच वेळ उभा होता, मग म्हणाला होता, विहीर बहुतेक इथेच, तुमच्या बेसिनच्या खाली, तीन मजले. अगदी सहज, आपण शेजाऱ्याला वळण सांगतो तसं. आईने त्याला दुसरा कप दिला. दुसरं काय देणार.

रेल्वेचा पूल ओलांडून पूर्वेला उतरताना हर्षवर्धनने पुन्हा एकदा ते आठवून पाहिलं. दोन आठवड्यांपूर्वीची दुपार. (त्याची पाळी खरं तर गेल्या रविवारीच संपली होती; ताप आल्याचं सांगून त्याने फ्लॉपी घरीच ठेवली होती.) काळूरामच्या डोक्यावरचा पंखा खडखडत होता. बायोडेटा टाइप झाला, काळूरामने फ्लॉपी मागितली, खिशात हीच होती. काळूराम काहीतरी बोलला, पंख्यात ऐकू आलं नाही, आपण हो म्हणालो. झालं. यात कोणाचाही दोष नाही. असलाच तर पंख्याचा. हे त्याने इतक्यांदा आठवलं होतं की आता त्यात पंखाच जास्त दिसे, माणसं कमी.

कॅफेत परेश आणि धवल एका खुर्चीत दोघं बसले होते. परेशच्या हातात परदेशी फोरमवरून काढलेल्या छापील पानांची चळत. ओरमचा दुसरा भाग. नोव्हेंबरात. हर्षवर्धन दारात असतानाच त्या दोघांनी त्याला सगळं एकदम सांगितलं : नकाशा आठपट मोठा, होडी स्वतः वल्हवता येणार, झाडाचं पान न् पान वेगळं हलणार. घोडा आता भिंतीत शिरणार नाही, ही परेशची आशा. तीन वर्षांत त्याचा घोडा एकूण चार महिने भिंतीत अडकून होता. धवलची तक्रार अशी की असला गेम चालवायचा तर नवं ग्राफिक्स कार्ड लागणार आणि ते काळूराम या जन्मात टाकणार नाही. काळूराम काउंटरवरून म्हणाला, पुढल्या जन्मी पन नाय. आणि एका पानाच्या तळाशी परेशने पेनने गोल केला होता : जुन्या भागाची साठवलेली फाइल नव्या भागात चालेल. विलास येणार. वाडीसकट.

हर्षवर्धनचा अंगठा खिशात गेला आणि फ्लॉपीचं झाकण सरकलं — टक्. आणि त्याच्या मागोमाग, अगदी सभ्यपणे, एक विचार आला — यांना दुसरा भाग नकोच झाला तर... फ्लॉपी कोण मागेल?

इंग्रजी नीट वाचता येणारा चौघांत तो एकटा. त्याने पानं हातात घेतली, खुर्ची ओढली आणि वाचायला लागला.

"घोडा काढलाय," तो म्हणाला.

"का?"

"तक्रारी होत्या म्हणे."

तक्रार परेशचीच होती. गेली तीन वर्षं तो ती समोर येईल त्याच्याकडे करत होता, ती कुठवर पोचली असेल याचा त्याला आत्ता अंदाज आला. हर्षवर्धन वाचत राहिला. होडी आहे, पण भरतीच्या वेळा पाळायच्या. पावसाळ्यात बंदी. नकाशा आठपट, मात्र त्यातला सातपट समुद्र. डोंगर चढायला दाखला लागतो.

"कुठला?" धवलने विचारलं.

"रहिवासी."

दोघांनी माना डोलावल्या. घोड्याबद्दल त्यांना थोडी शंका होती, पण दाखल्याबद्दल मुळीच नाही. एवढा बारीक तपशील कोण खोटा सांगेल. दाखल्याला तीन दिवस लागतात आणि मधल्या काळात विलास रांगेत उभा असतो, हेही त्यांनी घेतलं. कोलंबी सोलावी तसं चाललं होतं — आधी डोकं, मग पाय, मग पाठीतला काळा दोरा — आणि प्रत्येक आशा सोलून निघताना मऊ आवाज करत होती, आणि हर्षवर्धनच्या लक्षात आलं की आपल्याला भीती वाटत नाहीये. बरं वाटतंय. जत्रेत दुसऱ्याच्या हातातला फुगा फुटल्यावर वाटतं ते.

अकराच्या सुमाराला फ्रेडरिक आला. चर्चमधल्या मिसाहून थेट, पांढरा शर्ट, ओले केस, बाही घडी घालून कोपरापर्यंत. परेशने त्याला घोड्याचं सांगितलं, धवलने दाखल्याचं. फ्रेडरिक हसला, म्हणाला, जाऊ दे रे, आपल्याला कुठे चढायचाय डोंगर. मग हर्षवर्धनच्या शेजारी येऊन बसला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "पॉलिन येतेय. नाताळला. पाच दिवस सुट्टी दिलीय तिला."

"वा."

"नवीन गेममध्ये पानं वेगवेगळी हलतात म्हणे. तिला दाखवायचंय. आईला पण घेऊन येणार." त्याने बाहीची घडी नीट केली. "आई विचारत असते, वाडी कशी आहे. मी सांगतो, हर्षाकडे आहे, बरी आहे."

पंखा. काळूराम पंख्याखालून काहीतरी बोलला होता. काय बोलला होता?... 'भरलीय ही. एकच फाइल हाय मोठी. उडवू?' ऐकू आलं होतं. पंख्याचा आवाज होता, पण ऐकू आलं होतं; फक्त वाटलं, दुसरी कुठलीतरी फ्लॉपी असेल. हर्षवर्धनकडे दुसरी फ्लॉपी कधीच नव्हती.

"फ्रेडी," तो म्हणाला, आणि परेशने गोल केलेली ओळ अंगठ्याखाली झाकली. "जुनी फाइल चालणार नाही."

"परेश तर म्हणाला —"

"परेशला काय कळतं. इथे लिहिलंय बघ. दुसरा भाग दोनशे वर्षांनंतर सुरू होतो. ओरम तेच, पण आता शहर झालंय." इथे थांबता आलं असतं. विलासचं काय झालं ते कोणी विचारलं नव्हतं. पण वाक्य जिभेवर तयार होतं, सोललेलं, गुलाबी, आणि ते वाया घालवणं जिवावर आलं. "पश्चिम किनाऱ्यावर सगळ्या बिल्डिंगी आहेत. तुझ्या वाडीवर तर चार मजली."

परेशने पानांकडे पाहायचं सोडून दिलं. काळूरामसुद्धा माउस पुसता पुसता थांबला. फ्रेडरिक पडद्याकडे बघत होता. पडदा बंद होता, त्यात त्याचा पांढरा शर्ट तेवढा दिसत होता.

"तिथे पण?" तो म्हणाला.

मग धवल म्हणाला, असला गेम बनवणाऱ्यांना चपलेने मारलं पाहिजे. परेश म्हणाला, आपण नाही घ्यायचा, आपला बहिष्कार. तुळिंजचा बहिष्कार. ज्या कंपनीला तुळिंज माहीत नाही तिच्यावर तीन जणांनी हात वर करून तो घातला, काळूरामनेही हात वर केला, कारण त्याचं कार्ड वाचलं. हर्षवर्धनचा हात सगळ्यांत उंच होता. संपलं. इतकं सोपं होतं. कोणाला काही नको होतं आता. फ्लॉपी खिशात हलकी झाली, नुसतं प्लॅस्टिक.

"बरं झालं," फ्रेडरिक म्हणाला. तो आधीच सावरला होता. या लोकांचं हेच वाईट, हर्षवर्धनला वाटलं, यांना सवय झालेली असते. "नवीन नकोच. पॉलिनला जुनीच दाखवू. पानं नाही हलली तर नाही हलली."

"हो..."

"फ्लॉपी मात्र तुझ्याकडेच ठेव नाताळपर्यंत. आता पाळ्या बंद. परेश पाणी विसरतो, धवल नुसतं शिंपडतो. तू नीट घालतोस." आणि उठता उठता त्याने हर्षवर्धनच्या खांद्यावर हात ठेवला, जड, मिसावरून आलेला. "तूच घाल."

वीज बाराला गेली. सगळे घरी गेले.

संध्याकाळी टँकर आला. हर्षवर्धन दोन बादल्या घेऊन तीन मजले उतरला, भरून चढला, उतरला, चढला, आणि चौथ्या खेपेला जिन्यात, दोन्ही हात गुंतलेले असताना, ते आठवलं. न बोलावता. पंख्याशिवाय.

काळूराम म्हणाला होता, 'भरलीय. उडवू?' मी म्हणालो, उडव. तो म्हणाला, 'नाय उडत, बंद हाय,' आणि त्याने फ्लॉपी माझ्याकडे परत दिली. मी ती हातात घेतली. लेबल वर होतं. मी ते वाचलं, दोन्ही रेघांसकट. मग कोपऱ्यातली ती काळी खिट्टी मी नखाने सरकवली — घट्ट होती, नख दुमडलं — आणि फ्लॉपी त्याला दिली. त्या क्षणी मला राग आला नव्हता, फ्रेडरिकचा नाही, पॉलिनचा नाही. मला एवढंच वाटलं होतं की आता पाणी घालावं लागणार नाही.

बादली हिंदकळली, पायावर सांडलं. कुठल्यातरी मजल्यावर कोणीतरी म्हणालं, सांभाळून. तो उभा राहिला. काहीतरी वाटायला हवं होतं, आणि तो त्याची वाट बघत होता, पाहुण्याची बघतात तशी, दाराकडे तोंड करून. पण जे आलं ते वेगळंच होतं. विहिरीपासून सुरुवात. डावीकडे नऊ केळी, मग पानवेल, मग पुन्हा नऊ. बाराव्या केळीला दोनदा घालावं लागतं, तिथे जमीन उताराची आहे. अळवाला शेवटी, उरलेलं. एकही झाड चुकत नव्हतं. बेचाळीस केळी, अकरा नारळ, अंधाऱ्या जिन्यात ओळीने उभे, आणि पानं हलत नव्हती. तो मनात मोजायला लागला — पालखी माझ्याकडे आली तो रविवार, त्यानंतरचा रविवार, आजचा रविवार...

तीन झाल्या. बाराव्या केळीची पानं कडेने तांबडी पडायला लागली असणार. त्याने दोन्ही बादल्या घट्ट धरल्या, आणि तीन पायऱ्या भरभर चढून गेल्यावर त्याला कळेना की आपल्याला नेमकं कुठे पोचायचंय.