बनुबाईचं एक नंबरचं काम

हंबीरराव पंच्याहत्तर साली पलटणीतून पेन्शनीवर घरी आले आणि महिन्याभरात त्यांनी घराचीच पलटण करून टाकली. उंब्रजच्या बाजारातून खडू आणला. रोज पहाटे सोप्याच्या दारावर बायकोची कामं लिहायची आणि खड्या आवाजात वाचून दाखवायची. एक, म्हशीची धार. दोन, शेण. तीन, पाणी. असं एकोणीसपर्यंत. एक काम पुरं झाल्याशिवाय पुढच्याला हात लावायचा नाही, हा कायदा.

बनुबाई बावीस वर्षं हीच कामं यादीशिवाय करत आली होती. ती मोजून ऐकल्यापासून मात्र तिचे गुडघे धरले.

"आवं, त्यात माझं बी एक लिवा," ती म्हणाली. "मला घटकाभर नुसतं बसायचं हाय."

हंबीररावांनी विसाव्या नंबरला लिहिलं, 'विश्रांती'. पण विसावा नंबर कधी उजाडलाच नाही. तिनं आठ दिवसांनी गाऱ्हाणं मांडलं. हंबीरराव न्यायी माणूस. त्यांनी विश्रांती पुसली आणि एक नंबरला लिहिली.

दुसऱ्या दिवशी बनुबाई पहाटेच लिंबाखाली जाऊन बसली. ऊन अंगणात उतरलं. म्हैस हंबरू लागली.

"झाली का विश्रांती?" हंबीररावांनी विचारलं.

"अजून न्हाई."

"कवा हुईल?"

"मला काय ठावं? आजवर कवा केलीया मी?"

हंबीरराव पेचात पडले. एक नंबर पुरा नाही, तर दोन नंबर सांगता येईना, आणि कायदा त्यांचाच. म्हैस दावं तोडायला लागली तेव्हा ते स्वतःच चरवी घेऊन बसले. मग शेण, मग पाणी. भाकरी थापली, तिला चार कोपरे आले. बनुबाईनं ती बसल्या जागी खाल्ली आणि वर मीठ मागितलं.

तिसऱ्या दिवशी शेजारची दगडाबाई डोकावली. "आजारी हायस व्हय गं?"

"न्हाई. कामावर हाय."

दगडाबाईनं थोडा विचार केला आणि पदर सावरून शेजारी टेकली. सांजेपर्यंत लिंबाखाली सात बायका झाल्या. त्यांचे नवरे गोळा झाले. दगडाबाईचा नवरा लालासाहेब पुढं होऊन म्हणाला, "हवालदार, हुकूम मागं घ्या."

"हुकूम मागं घेत न्हाईत. पुरा करत्यात."

मग विश्रांती लवकर उरकावी म्हणून गडीमाणसं कामाला लागली. कुणी चहा आणला, कुणी लोड, कुणी सुपानं वारा घालू लागला. बनुबाई वैतागली. "इतकी माणसं डोस्क्यावर हुबी ऱ्हायल्यावर इसावा कसा व्हायचा?" सगळे तिच्याकडं पाठ करून उभे राहिले.

पाचव्या दिवशी दुपारी, काही कारण नसताना, तिच्या आत काहीतरी निवलं. ती उठली. "झाली."

हंबीररावांचे डोळे भरून आले. "आता दोन नंबर?"

"आता तुमी बसा."

"बसून करायचं काय?"

"ते बसल्यावर कळतं."

ते फोटोला बसल्यासारखे ताठ बसले. बनुबाईनं लुगडं पिशवीत घातलं आणि एसटी धरून सांगलीला बहिणीकडं, अंजनाकडं गेली. चार दिवस दोघी कृष्णेच्या घाटावर पाण्यात पाय सोडून बसल्या. कामाचा विषय एकीनंही काढला नाही.

परत आली तेव्हा हंबीरराव लिंबाला टेकून तोंड उघडं टाकून घोरत होते. गोठ्यात लालासाहेब धार काढत होता. तिला बघून तो दबक्या आवाजात म्हणाला, "वैनी, हळू. अजून झाली न्हाई त्यांची."