जिभेखाली

माझी आई म्हणायची, एल्सम्मा दूधवाल्यावर सोडाच, त्याच्या म्हशीवरही संशय घेते. आमच्याकडे, केरळात कोट्टयमला, लग्न जमवताना हा दुर्गुण लपवावा लागला. इथे आयर्लंडमध्ये त्याचा मला पगार मिळतो.

मनोरुग्णांच्या वॉर्डात गोळी देणं हे अर्धंच काम. ती पोटात गेली की नाही हे बघणं उरलेलं अर्धं. गालात, जिभेखाली, कवळीच्या मागे, माणसं गोळी कुठेही लपवतात. गावाकडे मी हाडं मोडलेल्यांच्या वॉर्डात होते, तिथे लोक गोळी हात पसरून मागायचे. इथे आल्यावर आमची मुख्य सिस्टर नोरीन हिने मला पहिल्याच आठवड्यात बाजूला घेतलं.

“एल्सा, सगळ्यांवर विश्वास ठेवायचा,” ती म्हणाली, “आणि मग जीभ वर करायला सांगायची.”

बिन्सीला आणलं तोपर्यंत माझा या कामात हात बसला होता. बिन्सी आमच्यातलीच, गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात नर्स. चर्चमध्ये आमची मल्याळी प्रार्थना असली की ती मागच्या बाकावर बसायची आणि तिचा नवरा सजी पुढे कीबोर्ड वाजवायचा. सजी म्हणजे सगळ्यांच्या अडीनडीला धावणारा माणूस. आम्ही घर बदललं तेव्हा आमचा फ्रीज त्यानेच खांद्यावर घेऊन जिन्याने चढवला. त्यामुळे त्यानेच अर्जावर सही करून बायकोला तिच्या मर्जीविरुद्ध दाखल केलंय हे कळल्यावर माझ्या मनात एकच शब्द आला, बिचारा.

बिन्सी कामावर सगळ्यांना सांगत सुटली होती की नवरा माझ्या जेवणात काहीतरी मिसळतो. आणि शेजारचा म्हातारा भिंतीला कान लावून आमचं बोलणं ऐकतो. या दोन गोष्टी एका दमात सांगितल्यावर कोणीही त्या एकाच टोपलीत टाकेल. आम्हीही टाकल्या.

ती स्वतः नर्स, त्यात पहिलीच वेळ, म्हणून डॉक्टर कॉनलनबाईंनी काही दिवस औषध न देता नुसतं बघायचं ठरवलं. सजीला त्यांनी विचारलं, ती आधी काही घेत होती का? “साधी डोकेदुखीची गोळीसुद्धा नाही,” तो म्हणाला. शेजारी मी उभी होते. त्याचे डोळे भरून आले होते, म्हणून मी त्याला कागदी रुमालही दिला.

आपल्या भाषेत बोलणारं माणूस हवं म्हणून नोरीनने मला बिन्सीपाशी बसवलं. ती खुर्चीत अवघडून बसली होती. दोन्ही हात मांडीवर, अंगठा सारखा हलत होता. ओठाच्या कोपऱ्यात लाळ साचली तरी तिला पत्ता नव्हता. चालताना पावलं घासत जात, हात अंगाला चिकटलेले. भेदरलेलं माणूस असंच चालतं, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

“चेच्ची,” ती म्हणाली, आमच्यात ताईला म्हणतात तसं, “तुम्ही कोणाच्या बाजूच्या? त्याच्या की माझ्या?”

“मी वॉर्डच्या बाजूची.”

“म्हणजे त्याच्या.”

मी हसले. ती हसली नाही.

“हे बघा चेच्ची. मी वेडी ठरले तर माझी नोकरी गेली, नर्सचा परवानाही गेला. आणि वेडी नाही ठरले, तर माझा नवरा मला विष घालतो असं ठरलं. मला यातलं कुठलं हवं असेल, सांगा ना.”

मी तिला विचारलं, जेवणार का? तिने उकडलेलं अंडं मागितलं, कवचासकट. ते स्वतः सोलून खाल्लं. केळं चाललं, सीलबंद दही चाललं. वॉर्डातलं मटणाचं स्ट्यू तिने चमच्याने ढवळून परत पाठवलं. ते मीही पाठवलं असतं, पण वेगळ्या कारणासाठी.

सजी रोज यायचा, रोज डबा आणायचा, आणि रोज तो डबा भरलेलाच परत जायचा. इकडे बिन्सी अंडी आणि केळ्यांवर राहूनही सुधारत होती. हात हलायला लागले, लाळ थांबली, एका सकाळी तर ती बागेत झपझप चालून आली. नोरीन म्हणाली, विश्रांतीचा गुण. मीही मान डोलावली. कुठेतरी पाणी मुरतंय हे माझ्या नाकाला कळायला हवं होतं. पण माझा सगळा संशय बिन्सीच्या खात्यावर जमा होत होता, सजीच्या नावावर काहीच जात नव्हतं. फ्रीज उचलणाऱ्या माणसावर कोण संशय घेतं?

एका दुपारी सजीने मला भेटायच्या खोलीबाहेर गाठलं. “चेच्ची, आज मीन करी केलीय. अम्माच्या हातची असते तशी, कोडंपुळी घालून. तुम्ही समोर बसा आणि दोन घास भरवा. तुमचं ऐकेल ती.”

त्याने झाकण उघडलं. माशाचा लाल रस्सा, वर तेलाचा तवंग, कढीपत्ता, आणि ती आंबट कोडंपुळीची काळी फोड. शेजारी उकडलेला कप्पा, म्हणजे आपला टॅपिओकाचा कंद. आयर्लंडच्या बटाट्यांनी माझ्या जिभेवर जो गंज चढवला होता तो नुसत्या वासानेच उतरायला लागला.

डबा माझ्या हाती देऊन तो निघून गेला. बिन्सीने डब्याकडे पाहिलंही नाही.

“नवऱ्याने प्रेमाने केलंय,” मी म्हणाले.

“तुम्ही खा ना मग.”

“बिन्सीमोळे, पोरी, लहान मुलासारखं करू नको.”

“लहान मुलासारखं नाही, नर्ससारखं करतेय. तुम्ही खाऊन दाखवा. काही झालं नाही तर उद्यापासून मी खाईन. तुम्ही द्याल त्या गोळ्याही घेईन. त्याच्या पायाही पडेन.”

रुग्णाचं जेवण खायचं नाही, हा नियम आमच्या खोलीत भिंतीवर लावलेला आहे. पण मला वाटलं, हीच संधी आहे. एका घासात हिचा भ्रम तुटेल. आणि खोटं कशाला बोलू, मला भूकही लागली होती. मी खाल्लं. एक घास म्हणता म्हणता अर्धा डबा संपला. बिन्सी माझ्या घशाकडे बघत होती, मी रोज दुसऱ्यांच्या घशाकडे बघते तशी.

“उद्या भेटू,” ती म्हणाली. उरलेला डबा मी वॉर्डात नर्सच्या खोलीतल्या फ्रीजमध्ये ठेवून दिला.

घरी चालत जाताना पाय कापसाचे झाले. पुलाच्या कठड्याला धरून उभी राहिले तेव्हा नदी जरा वर आल्यासारखी वाटली. घरी पोचले आणि बूट न काढताच सोफ्यावर आडवी झाले ती दुसऱ्या दिवशी सकाळीच उठले. माझा नवरा जोयी बस चालवतो. तो त्याच्या पाळीला निघाला होता.

“काल रात्री तू एकदाही मला बोलली नाहीस,” तो म्हणाला. “मी दोनदा उठून श्वास चालू आहे का ते पाहिलं.”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि जबडा एका बाजूला ओढला गेला. जीभ जाड झाली होती. जोयीने चहा पुढे केला. मी कप हातात घेतला आणि, देवाशप्पथ, आधी वास घेऊन पाहिला. जोयी बघतच राहिला.

बिन्सीचं भूत माझ्या मानगुटीवर बसलं की काय, असं वाटलं. थंडी बाधली असेल. कामाच्या पाळ्या फार झाल्या असतील. मासा शिळा असेल. मी एकेक कारण शोधत होते आणि जबडा एकेक कारण खोडत होता. शेवटी मला आठवले ते आमचे औसेप अप्पापन. आईचे धाकटे काका. ते भिंतीशी भांडायचे. त्यांची बायको शहरातल्या डॉक्टरकडून वेडावरच्या औषधाची एक छोटी बाटली आणायची आणि त्यातले थेंब त्यांच्या ताकात घालायची. ना चव, ना वास. गावात सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त अप्पापनना नव्हतं. ते बिचारे असेच पाय घासत चालायचे, अंगठा असाच हलायचा, लाळ अशीच गळायची. आम्ही मुलं त्यांची नक्कल करायचो. कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही. गोळी घेत नाही ना, मग ताकात घाला. आमच्याकडे हीच माया समजतात.

वॉर्डात शिरले तेव्हा बिन्सी दाराशीच उभी होती. तिने माझ्याकडे नीट पाहिलं. “चेच्ची, जबडा ना?” एवढंच म्हणाली.

मी तिला काही सांगितलं नाही. एका जबड्यावरून माणसाला चोर ठरवणं बरं नव्हे. दुपारी सजी आला तेव्हा मी फ्रीजमधला डबा घेऊन गाडीतळावर गेले आणि त्याच्या गाडीच्या टपावर तो उघडला.

“खा.”

“मी जेवून आलोय, चेच्ची.”

“एक घास.”

“गार आहे ते.”

“परवा चर्चमधल्या ख्रिस्टीच्या घरी तू गार बिर्याणी तीनदा वाढून घेतलीस. खा, सजी.”

त्याने डब्यात बोट घातलं, मग काढलं आणि रुमालाला पुसलं. त्या पुसण्यातच मला सगळं कळलं. तो गाडीला टेकून खाली बसला. फ्रीज उचलणारा तो माणूस मुलासारखा रडायला लागला आणि आज माझ्याजवळ त्याच्यासाठी कागदी रुमाल नव्हता.

“शेजारचा ऐकतो म्हणायला लागली तेव्हा मी घाबरलो,” तो म्हणाला. “इथल्या डॉक्टरकडे नेलं असतं तर कागदावर आलं असतं. नोकरी गेली असती तिची. अम्माने गावाहून बाटली पाठवली. बरी होत होती ती, चेच्ची. खरंच बरी होत होती. मग तिला कळलं.”

“तिला का नाही सांगितलंस?”

“नर्स आहे ती. बाटलीवरचं नाव वाचलं असतं.”

“वाचू द्यायचं ना.”

“घेतलं नसतं तिने.”

“आणि इथे दाखल केल्यावरही?”

त्याने मान खाली घातली. “इतके दिवस पोटात काही गेलं नाही, म्हणून काल जरा जास्त थेंब घातले. लवकर बरी होऊन घरी यावी म्हणून.” मग त्याने अर्ध्या डब्याकडे, माझ्या वाकड्या जबड्याकडे पाहिलं आणि माझा हात धरला. “चेच्ची, कुणाला सांगू नका. मी आजच बाटली फेकतो. चर्चमध्ये तोंड दाखवायला जागा उरणार नाही. आणि तुम्हीपण तर रुग्णाचं जेवण खाल्लंत.”

हे शेवटचं वाक्य तो बोलला नसता तर कदाचित मी घुटमळले असते. गावची माणसं, त्याचे उपकार, माझी नोकरी. पण ते त्याने इतकं हळू, इतकं नीट मोजून म्हटलं की माझं डोकं सणकलं. मी हात सोडवला आणि सरळ नोरीनच्या खोलीत गेले. खाई त्याला खवखवे म्हणतात, माझा तर जबडाही दुखत होता.

नोरीनने सगळं ऐकून घेतलं. “रुग्णाचं जेवण खाल्लंस?”

“हो.”

“किती?”

“अर्धा डबा.”

तिने हातातलं पेन खाली ठेवलं. “चव तरी बरी होती?”

“फार छान होती.”

“तुझी लेखी नोंद करावी लागेल मला, एल्सा. आधी डॉक्टरांकडे जा, तो जबडा दाखव.” मी दारापर्यंत गेले तेव्हा तिने पुन्हा हाक मारली. “तिने आल्या दिवशीच सांगितलं होतं ना आपल्याला.”

“हो.”

“हं,” नोरीन म्हणाली.

बाटली सजीने त्याच दिवशी आणून दिली. बिन्सीला मीच सांगितलं, डॉक्टरांसमोर. मला वाटलं होतं ती जिंकल्यासारखी हसेल, निदान माझ्यावर चिडेल. ती म्हणाली, “म्हणजे शेजारचा म्हातारापण खरा.”

डॉक्टर कॉनलनबाईंनी डोळे मिटून घेतले. मला त्या क्षणी सजीचा जितका राग आला तितका आधीही आला नव्हता आणि नंतरही नाही. त्याने तिच्या आजाराच्या हातात एक खरा पुरावा दिला होता. आता खरं कुठलं आणि आजाराचं कुठलं, हे निवडायचं होतं तिला एकटीला, आणि मदत घ्यायची होती आमच्यासारख्यांची, ज्यांनी तिचं खरं ऐकलं नव्हतं.

त्याला वेळ लागला. तिच्यावरची सक्ती उठली तरी ती आपणहून थांबली. सजी रोज येऊन बाहेरच्या बाकावर बसायचा, रिकाम्या हाताने. ती त्याला भेटली नाही. डॉक्टर रोज तिच्याशी बोलायच्या. एकदा तिनेच मला विचारलं, “चेच्ची, तो म्हातारा बहिरा आहे. कानात यंत्र घालतो. मी स्वतः पाहिलंय. मग तो भिंतीतून कसा ऐकेल?” हे विचारताना तिचा आवाज कापत होता. अन्नाबद्दल सांगताना कधी कापला नव्हता.

त्यानंतर दोन दिवसांनी ती म्हणाली, मी औषध घेईन.

मी गोळी आणि पाणी घेऊन गेले. तिने आधी पाकीट मागितलं. नाव वाचलं, मात्रा वाचली, मुदत वाचली, पाठीमागचं बारीक अक्षरही वाचलं. मग हात पुढे केला. मी तळव्यावर गोळी ठेवली. तिने ती तशीच थोडा वेळ बघितली.

“एवढंच करायचं होतं त्याने,” ती म्हणाली. “हातावर ठेवायची होती.”

तिने गोळी तोंडात टाकली, वरून पाणी घेतलं. मग तोंड उघडलं आणि जीभ वर केली.

“राहू दे गं, मोळे,” मी म्हणाले. मला खरंच लाज वाटली.

तिने तोंड मिटलं नाही. जीभ वर धरून ती माझ्याकडे बघत राहिली, वाट पाहत.

मी वाकले आणि नीट पाहिलं.