सोबत नेता का

वसुंधरानं पेनाचं टोक तिसऱ्या चौकोनावर आधीच टेकवलं होतं. सत्यशीलानं ते पाहिलं आणि हातातलं तांदूळ पाखडायचं सूप बाजूला ठेवलं.

“प्रश्न सत्तावीस,” वसुंधरा वाचत होती. “घरातल्या लग्नकार्याला, समारंभाला मुलीला सोबत नेता का? नेहमी, कधीकधी, कधीच नाही.”

ही दुर्गजवळच्या बोरसीतली मुलगी रायपूरला संशोधन करत होती. असं मूल वाढवताना घराचं जगणं कसं होतं, हा तिच्या प्रबंधाचा विषय. तिच्या फाइलवर ‘ऑटिझम’ असं इंग्रजीत लिहिलं होतं. तो शब्द सत्यशीलानं त्याआधी एकदाच, नागपूरच्या एका डॉक्टरच्या चिठ्ठीवर पाहिला होता. बाकी सगळ्यांनी सत्यशीलाच्या मुलीला, ललिताला, मुकी म्हटलं, वेडी म्हटलं, कुणी बाहेरची बाधा म्हणून अंगारेही दिले. किमान बरोबर शब्द घेऊन आलेली ही पहिलीच, म्हणून सत्यशीलानं तिला भिलाईच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये घेतलं, चहा दिला आणि सव्वीस प्रश्नांची उत्तरं दिली. आई मुलीला जवळ घेते का, यावर मात्र ती अडली होती. जवळ घेतलेलं पोरीला सोसत नाही, म्हणून घेत नाही; त्यावरून आईला माया नाही असं लिहायचं नाही, असं तिनं बजावलं. वसुंधरानं ते मुकाट्यानं समासात लिहून घेतलं होतं.

अकरा वर्षांची ललिता खिडकीखाली बसून एका गंजातले चिंचोके दुसऱ्या गंजात ओतत होती. तिचं या दोघींकडे लक्ष नव्हतं.

“बाकीच्या घरी काय सांगतात?” सत्यशीलानं विचारलं.

“भिलाई-दुर्ग मिळून अकरा घरं झाली, काकू. अकराही जणींनी कधीच नाही म्हटलं. मतलब, त्यांचंही बरोबर आहे. लोक बोलतात ना.”

पेन अजून तिसऱ्याच चौकोनावर होतं.

“नेहमी,” सत्यशीला म्हणाली.

वसुंधरानं वर पाहिलं. मग नियमाप्रमाणे पुढचं विचारलं, अलीकडचा कार्यक्रम कोणता?

“येत्या रविवारी आहे. जामुलले. मोठ्या भासऱ्याच्या पोरीचं साक्षगंध. आम्ही तिघंही जाऊन राहिलो.”

हे साफ खोटं होतं. चारच दिवसांपूर्वी तिची मोठी जाऊ वच्छला जामुलहून बसनं येऊन गेली होती. विजयाला स्थळ चांगलं आलं आहे, मुलगा गोंदियाला रेल्वेत आहे, असं सगळं कौतुक सांगून झाल्यावर तिनं आवाज उतरवला होता. तुम्ही दोघं या, पण ललिताला त्या दिवशी शेजारी ठेवा. पाहुण्यांनी पाहिलं तर म्हणतील घराण्यातच आहे, आणि माझ्या पोरीचं जमलेलं मोडेल. ती हे रागानं बोलली नव्हती. बोलताना तिचे डोळे भरून आले होते, म्हणूनच सत्यशीलाला नाही म्हणता आलं नाही. शेजारच्या सिंधी बाईंशी बोलणंही झालं होतं.

तिचा नवरा जानराव कारखान्याच्या रेल मिलमधून पहिली पाळी करून आला तेव्हा तिनं त्याला सगळं सांगितलं, खोटं बोलल्याचंही. तो बराच वेळ बुटांची लेस सोडवत राहिला.

“दादानं आपल्याले इथं आणलं. कारखान्यात त्यानंच लावून देल्लं,” तो शेवटी म्हणाला.

“मले माहीत आहे.”

“उद्या विजयाचं मोडलं तर?”

“तर ते माह्या नावावर लिहा. मी त्या प्रश्नवाल्या पोरीसमोर बोलली. बारावं घर मी होऊ देत नाही. जाऊ तर तिघं जाऊ, नाईतर मी येत नाही.”

पुढचे तीन दिवस त्या घरात रविवारचं नाव निघालं नाही. रविवारी सकाळी सत्यशीला आंघोळ करून आली तेव्हा जानराव ललिताचा निळा फ्रॉक मांडीवर घेऊन बसला होता. शिवण अंगाला लागलेली तिला चालत नसे, म्हणून तिचे कपडे उलटे घालावे लागत. तो बाह्या एकेक करून उलटवत होता. सत्यशीलानं केस पुसले.

जामुलला सिमेंटच्या धुळीनं करडी झालेली झाडं होती आणि वच्छलाच्या नवऱ्याच्या, गुलाबरावांच्या अंगणात मांडव होता. दारातच वच्छलानं त्यांना पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी थांबलं. तिची नजर फ्रॉकच्या बाहेर आलेल्या शिवणीवर गेली.

“निदान फ्रॉक तरी सुलटा करून घाल. अन् मागच्या खोलीत बस तिले घेऊन.”

“टोचते तिले, बाई. तसाच राहू द्या,” सत्यशीला म्हणाली, आणि ललिताला घेऊन बायकांच्या पहिल्या रांगेत सतरंजीवर जाऊन बसली.

बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींपुढे मेणबत्त्या लागल्या. सगळे हात जोडून वंदना म्हणू लागले, तशी ललिता घशातून एकच सूर काढू लागली. तो सूर वंदनेत मिसळेना, थांबेना. बाया वळून पाहू लागल्या. आजवर अशा वेळी सत्यशीला उठून पोरीला बाहेर नेत आली होती. कितीतरी लग्नं तिनं मांडवाच्या मागच्या बाजूनं पाहिली होती. सवयीनं तिचे गुडघे उचलले गेले. तिनं दोन्ही हातांनी ते खाली दाबले आणि पुढची ओळ मोठ्यानं म्हटली. पुरुषांच्या बाजूनं जानरावाचाही आवाज चढलेला तिला ऐकू आला.

वंदना संपल्यावर नवरदेवाचे वडील श्यामराव यांनी विचारलंच, ही मुलगी कोण. गुलाबराव घाईनं म्हणाले की शेजारच्यांची आहे.

“शेजारची नाई,” सत्यशीला उभी राहिली. “माही पोरगी आहे. ललिता. विजयाची सख्खी चुलत बहीण. बोलत नाई ती. बाकी तुमाले जे विचाराचं असन ते आत्ताच विचारून घ्या.”

श्यामरावांनी बायकोकडे, रुक्माबाईंकडे पाहिलं. रुक्माबाई खाली मान घालून बसल्या होत्या. सजून बसलेल्या विजयानं पदर घट्ट धरला. तिच्याकडे मात्र सत्यशीलाला पाहवलं नाही. अंगठ्या घातल्या गेल्या, पण घाईघाईत, आणि वच्छला डोळे पुसत आत निघून गेली.

जेवणाची पानं मांडताना भांड्यांचा आवाज झाला आणि ललितानं कानांवर हात घेतले. ती पुढेमागे डुलू लागली. सत्यशीला उठेपर्यंत रुक्माबाई तिथं पोचल्या होत्या. त्यांनी पोरीला कुरवाळलं नाही, समजावलं नाही. तिच्या मागं बसून दोन्ही तळवे तिच्या पाठीवर ठेवले आणि भिंत रेटावी तसे घट्ट दाबून धरले. ललिता हळूहळू थांबली.

हे उमजायला सत्यशीलाला पाच वर्षं लागली होती.

ती त्यांच्याजवळ बसली. हलक्या आवाजात तिनं विचारलं, “लेकराले घरी कोणापाशी ठेवून आल्या?”

रुक्माबाईंनी मांडवात कोण पाहतं आहे ते पाहिलं. हात काढले नाहीत.

“कुलूप लावून आलो,” त्या म्हणाल्या. “भाकर ठेवली आहे.”

“नाव काय त्याचं?”

रुक्माबाईंचे ओठ हलले, पण नाव बाहेर आलं नाही. तेवढ्यात त्यांना पानावर बोलावणं आलं आणि त्या उठून गेल्या.

निघायच्या वेळी वच्छला लाडवांचे पुडे बांधत होती. रडून तिचा चेहरा सुजला होता, तरी ती वाकून वाकून पाहुण्यांना देत होती. तुमच्या एकुलत्या एका मुलासाठी हा वेगळा, असं म्हणत तिनं मोठा पुडा पुढं केला. श्यामराव चपला घालत होते.

रुक्माबाईंनी पुडा घेतला आणि दुसरा हातही तसाच पुढं ठेवला.

“आणखी एक द्या,” त्या म्हणाल्या. आवाज सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असा होता. “कवडूसाठी.”

श्यामराव एक चप्पल पायात, एक बाहेर, तसेच थांबले.

“कवडू कोण?” वच्छलानं विचारलं.

“माहा मोठा पोरगा,” रुक्माबाई म्हणाल्या.