माझ्या पोटातली चोरटी तार

मी एक जुनी बस आहे, मित्रांनो, आणि आज मला मुळीच धीर धरवत नाही! सकाळपासून चाकं शिवशिवताहेत. पण निघण्याआधी माझी गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ती पोटात ठेवून मी कितीतरी दिवस तडफडले आहे.

एका मोठ्या कारखान्यात माझा जन्म झाला. निळा रंग, चव्वेचाळीस आसनं आणि कान किटवणारा भोंगा! अठरा वर्षं मला एकाच ड्रायव्हरने चालवलं. "ही बस आली की घड्याळ लावून घ्यावं," असं प्रवासी म्हणत आणि मी फुलून जात असे. पुढे ड्रायव्हर निवृत्त झाला, नव्या गाड्या आल्या आणि मला डेपोच्या कुंपणाकडेला उभं केलं. बॅटरीही काढून नेली. माझ्या सीटांवर मांजरी व्याल्या, पण माणसं ढुंकूनही पाहत नव्हती.

आणि एके दिवशी तोच ड्रायव्हर परत आला! केस पांढरे झालेले, सोबत वायरिंगची कामं करणारी लेक. ती त्यांना बाबा म्हणते, म्हणून मीही बाबाच म्हणते. बाबांचा श्वास झोपेत अडकतो. रात्रभर विजेवर चालणारं एक यंत्र लावून झोपावं लागतं आणि वाटेत वीज मिळेलच असं नाही, त्यामुळे आठ वर्षांत ते कुठेच मुक्कामाला गेले नव्हते. त्यांची थकलेली थोरली बहीण दोन दिवसांच्या वाटेवर राहते. "एकदा तोंड दाखवून जा रे," असं ती फोनवर सारखी म्हणायची. म्हणून बाबांनी मला डेपोकडून विकत घेतलं आणि मी त्यांचं फिरतं घर व्हायचं ठरलं.

लेकीने माझ्या जुन्या तारा उपसल्या. काय गुदगुल्या झाल्या म्हणून सांगू! जुन्या जागी नवी बॅटरी बसवली, ती फक्त इंजिनासाठी. पलंगाखाली दुसरी, घराची. दिवे, पंखा, पाण्याचा पंप आणि बाबांचं यंत्र, सगळं हिच्यावर. प्रत्येक तारेला फ्यूज, प्रत्येक फ्यूजवर चिठ्ठी. इंजिन चालू असलं की दोन्ही बॅटऱ्या भरायच्या, बंद झालं की दोघींचा संबंध तुटायचा. घराने कितीही वीज खाल्ली तरी इंजिनाला झळ नाही!

पण चार दिवसांनी किल्ली फिरवली, तर मी नुसती कण्हले. इंजिनाची बॅटरी रिकामी! ती भरली, तरी पुन्हा चार दिवसांनी तेच. लेकीने मीटर लावून एकेक फ्यूज काढला, तरी काटा शून्यावर येईना.

"कुणीतरी वीज चोरतंय, बाबा. चोर सापडल्याशिवाय निघायचं नाही."

"अगं, ताईला शनिवारी येतो म्हणून सांगितलंय."

"आडरानात बंद पडलो तर?"

मित्रांनो, चोर मला ठाऊक होता! मला ओरडून सांगायचं होतं, पण भोंगा माझा असला तरी तो दाबायला हात लागतो. बाबांनी दोनदा टोपी काढली, दोनदा घातली. मग खाकरले.

"रागावू नकोस, पोरी. माझ्या सीटमागे एक तार आहे. मीच ओढलेली, बॅटरीच्या जाड तारेला आतल्या आत जोडून."

"फ्यूज?"

"नाही लावला."

"बाबा! आणि लहानपणी मला साध्या बटणाला हात लावू द्यायचा नाहीत!"

"डेपोच्या मेस्त्रीलासुद्धा कधी सापडली नाही," बाबा हळूच म्हणाले. लाज वाटत होती, तरी थोडी ऐटही होतीच.

लेकीने सीटमागे स्वतःच ठोकलेली नवी फळी उचकटली. मागे एक इवलासा दिवा जळत होता. त्याचं बटण गंजून अडकलेलं, त्यामुळे नवी बॅटरी मिळताच तो गुपचूप जागा झाला होता.

"तुझी गणितं मला यायची नाहीत गं," बाबा म्हणाले. "शेवटच्या थांब्यावर गाडी रिकामी झाली की इथे बसून तुझं पुस्तक वाचायचो. मग घरी येऊन तुला शिकवायचो."

लेकीने त्या दिव्यावरची धूळ बोटाने पुसली. "मला वाटायचं, बाबांना सगळं येतं," ती म्हणाली आणि तिने तार कापली. काटा शून्यावर! तो दिवा तिने बाबांच्या उशाशी लावला, घराच्या बॅटरीवर, फ्यूजसकट. चिठ्ठीवर लिहिलं, 'गणिताचा दिवा'.

मित्रांनो, आम्हां जुन्या गाड्यांना बोलता येत नाही. आमचं तेलपाणी वेळेवर करा, आणि कुठे काही लपवून जोडलं असेल, तर दुरुस्त करणाऱ्याला सांगून टाका. तुम्हांला तोंड आहे!

बघा, लेकीने किल्ली फिरवली! पहिल्याच झटक्यात मी गरजले! बाबा फोन कानाला लावून माझ्या आवाजावर ओरडताहेत, "ताई, निघालो गं! अंथरूण घालून ठेव, मुक्कामाला येतोय!"