हात सोडला की फाऊल

"बिराप्पा, आज हात राखून खेळलास तर बघ," स्नूकरच्या क्यूच्या टोकाला खडू घासत मेजर हंबीरराव म्हणाले.

"न्हाई साहेब. आज न्हाई."

साताऱ्याच्या त्या क्लबात बिराप्पा बावीस वर्षं मार्कर होता. टेबल झाडायचं, चेंडू मांडायचे, गुण पुकारायचे, वाद झाला तर निवाडा द्यायचा, आणि एखाद्या सभासदाला जोडीदार मिळाला नाही की त्याच्याशी खेळून बेताने हरायचं, हे मार्करचं काम. बेताने हरणं भल्याभल्यांना जमत नाही. बिराप्पाला छान जमे. पण आज नोकरीचा शेवटचा दिवस होता. बायको, बनाबाई, बोचकी बांधून बाहेर व्हरांड्यात बसली होती. पाचच्या गाडीने दोघं म्हसवडला निघायची होती, ती कायमचीच.

भिंतीवर जिंकणाऱ्यांची लाकडी पाटी होती, सोनेरी अक्षरांची. तिच्यावर नोकराचं नाव कधी चढलं नव्हतं. मेजर क्लबचे सेक्रेटरी. आठ दिवसांपूर्वी त्यांनीच शब्द दिला होता, "खरा खेळ, एकच डाव. हरवलंस मला तर तुझं नाव पाटीवर. कोण आडवं येतंय बघतो मी." तेव्हापासून बिराप्पाची झोप उडाली होती. वाचता येत नसूनही दिवसातून दहादा तो पाटीखाली जाई आणि खालची रिकामी ओळ फडक्याने पुसून येई. माणसाला कशाची हाव सुटेल, काही नेम नाही बुवा.

खिडकीतून दुपारचं ऊन हिरव्या कापडावर तिरपं पडलं होतं. चारपाच सभासद चहा घेत बघत होते. खेळता खेळता बिराप्पाला त्यांचं बोलणं लांबून आल्यासारखं ऐकू येऊ लागलं. समोर कापड राहिलं नाही, माळ झाला. गावाकडे, माणात, असं हिरवं वर्षातून पंधरा दिवस दिसतं, तेही देवाने मनावर घेतलं तर. तो दहा वर्षांचा होता, पुढे बाप हरिबा चालला होता, आणि तांबडे चेंडू एकामागून एक, सांजेला मेंढरं जाळीच्या वाघरीत शिरावीत तसे, टेबलाच्या खिशांत शिरत होते.

शेवटी काळा तेवढा उरला. मेजर पाच गुणांनी पुढे. काळ्याचे सात. तो गेला की डाव बिराप्पाचा, आणि त्यावर फाऊल झाला तर डाव तिथेच संपून मेजरांचा.

कोन अवघड होता. बिराप्पाने क्यूची काठी कापडावर धरली आणि काळ्यापासून खिशापर्यंतची रेघ बघू लागला. त्यात गैर काही नव्हतं. क्लबचा नियम त्यानेच सगळ्यांना पढवला होता : क्यू हातात आहे तोवर टेबलावर धरून खुशाल नेम बघा, हात सोडला की फाऊल. पाच वर्षांमागे ह्याच नियमावर त्याने फायनलचा डाव मेजरांच्या हातून काढून घेतला होता. मेजर महिनाभर त्याच्याशी बोलले नव्हते.

आणि त्या उन्हात त्याला बाप दिसला. नव्या माळावर पोचलं की हरिबा आपली काठी जमिनीवर आडवी ठेवी, चार पावलं मागे येई आणि उतार कुठे, वारं कुठलं, वाघर कुठे लावायची ते बघे. एकदा काठी ठेवली की ती जागा त्याची. दुसरा कुणी धनगर तिथे उतरत नसे. बापाने काठी ठेवली. बिराप्पाने ठेवली. दोन्ही हात मोकळे करून तो मागे सरला आणि डोळे बारीक करून बघत राहिला. रेघ इतकी स्वच्छ त्याला जन्मात दिसली नव्हती.

मग त्याने क्यू उचलला, वाकला, मारला. काळा सावकाश गेला आणि खिशात पडला.

टाळ्या झाल्या तेव्हा तो भानावर आला. "मारलंस गड्या!" म्हणत मेजरांनी पाठीवर थाप दिली. ते मघाशी सिगारेट पेटवत होते. बाकीचे चहाच्या कपात. कुणीही काही पाहिलं नव्हतं. तो गप्प राहिला असता तर ब्रह्मदेवालाही पत्ता लागला नसता. आणि नाव हवं होतं त्याला. फार हवं होतं.

"फाऊल," बिराप्पा म्हणाला. बावीस वर्षं पुकारायचा त्याच आवाजात.

"कुणाचा रं?"

"मार्करचा. क्यू ठिवला, हात सोडला. सात गुण साहेबांचे, डाव साहेबांचा."

"मी न्हाई बघितलं."

"मी बघितलं की, साहेब."

"आरं, शेवटचा दिस हाय तुझा. जाऊ दे की."

"मंग त्या साली तुमचा डाव उगंच गेला म्हणायचा."

बिराप्पाने गुणफलकावरचा त्यांचा काटा सात घरं पुढे सरकवला. खिशांतले चेंडू काढून पेटीत लावले, ब्रश घेऊन कापड रोजच्यासारखं एका अंगाने झाडलं आणि बाहेर आला.

"आवं, लागलं का नाव?" बनाबाईने विचारलं.

"न्हाई."

"का वं?"

"काठी ठिवली मधीच. बा ठिवायचा तशी. ठिवून मागं सरलो."

"आत? त्या टेबलावर?"

"व्हय."

"मंग जागा आपलीच झाली की वं," म्हणत तिने बोचकं डोक्यावर घेतलं.

बिराप्पाने कोपऱ्यातली आपली काठी उचलली. तो फाटकाकडे निघाला. उजवा हात तेवढा राहून राहून सदऱ्याला पुसत होता. खडूची निळी पूड काही निघत नव्हती.